तीस चिठ्ठ्या आणि खेळाचा तास



आमच्या चौथीच्या वर्गाचा खेळाचा तास जाता जाता वाचला. कसा, ते ऐका!

वर्गात मुलं ३०. प्रत्येकाला चार प्रश्न विचारले. मोबाइल किती वेळ पाहता? झोपता किती? खेळता किती? वर्गात लक्ष किती लागतं? मग फळ्यावर चार गोल काढले आणि ज्या गोष्टींचं एकमेकींशी नातं दिसलं, त्या रेघांनी जोडल्या. नातं घट्ट, तर रेघ जाड. झालं जाळं तयार!

'मोबाइल जास्त, झोप कमी' ही रेघ चांगली जाड निघाली. पण 'खेळ जास्त, लक्ष कमी' अशीही एक रेघ उमटली. वर्ग चिडीचूप! मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आता खेळाचा तास बंद?"

मीही थबकले. ही रेघ दोन-चार मुलांमुळेच तर उमटली नसेल?

मग प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी डब्यात टाकली. एक काढायची, नाव लिहायचं आणि चिठ्ठी परत डब्यात! असं ३० वेळा. कुणाचं नाव दोनदा-तीनदा येतं, तर साधारण ११ जणांचं येतच नाही. या नव्या यादीवरून पुन्हा जाळं काढायचं. या युक्तीचं नाव बूटस्ट्रॅप. अमेरिकेतले संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडली एफ्रन यांनी ती १९७९ साली मांडली.

पण हे हजार वेळा कोण करणार? संगणक! न्यूझीलंडमध्ये जन्मलेली 'आर' ही संगणकभाषा फुकट मिळते. तिनं हजार जाळी काढली आणि वर एक आलेखही दिला. जाळ्यातल्या प्रत्येक रेघेची त्यात एक ओळ. लाल ठिपका म्हणजे आमचं मूळ उत्तर. राखाडी पट्टा म्हणजे हजारातली मधली ९५० उत्तरं जिथं पडली ती जागा. मधोमध शून्याची उभी रेघ.

मोबाइल-झोपेचा पट्टा शून्यापासून दूर होता. खेळ-लक्षाचा मात्र शून्याच्या दोन्ही बाजूंना ऐसपैस पसरलेला! म्हणजे खेळानं लक्ष कमी होतं, असं ३० मुलांवरून म्हणताच येत नाही. तास वाचला!

पण एक लक्षात ठेवा हं. मोबाइलमुळे झोप उडते, की झोप येत नाही म्हणून मोबाइल पाहतात, हे जाड रेघही सांगत नाही.

करून पाहा : दहा मित्रांच्या उंचीच्या चिठ्ठ्या करा. वरच्या रीतीनं दहादा उचला, सरासरी काढा. असं पाच वेळा करा. सरासरी किती हलते, बघा बरं!