सिनेमातला कुत्रा आणि दारातला कुत्रा



परीक्षा, निकाल, शिस्त आणि गणवेश या विषयांवर मी या पानावर नेहमीच लिहिते. या वेळचा विषय जरा घरगुती आहे. आमच्या घरी सध्या एकच चर्चा चालू आहे, कुत्रा पाळायचा की नाही? धाकटा नववीत आहे. त्याने '७७७ चार्ली' हा २०२२ सालचा कन्नड चित्रपट तीनदा पाहिला आणि आता त्याला अगदी चार्लीसारखा लॅब्रॅडॉर हवा आहे. सासूबाईंनी आपले मत एका वाक्यात सांगून टाकले : "सिनेमातलं कुत्रं कधी घाण करतंय का?" बाकीच्यांनी मौन पाळले. म्हणजे निर्णय माझ्याकडे आला.

निर्णय घेण्यापूर्वी आम्ही घरच्या सगळ्यांनी मिळून आणखी एक कुत्र्याचा चित्रपट पाहिला, 'तेरी मेहरबानियाँ'. १९८५ साली तो आला तेव्हा मी शाळेत होते. माझे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे आम्हा मैत्रिणींचे चित्रपटही हिंदीच असत. नायक जॅकी श्रॉफ. त्याचा खून होतो आणि त्याचा कुत्रा मारेकऱ्यांचा पिच्छा पुरवतो. आपले सदाशिव अमरापूरकरही त्यात आहेत. त्या काळी चित्रपटगृहातून बाहेर पडताना मोठी माणसेसुद्धा डोळे पुसत होती.

या चित्रपटाची एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. तो रिमेक आहे, आणि मूळ चित्रपट कन्नड आहे. १९८४ सालचा 'ताळिय भाग्य'. हिंदीचे दिग्दर्शक विजय रेड्डी हेसुद्धा कन्नड प्रेक्षकांच्या चांगल्या ओळखीचे, कारण राजकुमारांचा 'गंधद गुडी' (१९७३) त्यांनीच केला होता. म्हणजे बघा, आपण राहतो कर्नाटकात, बाजारात आणि कचेरीत कन्नड बोलतो, पण गोष्ट मात्र मुंबईला जाऊन हिंदी होऊन आली तेव्हाच आपल्याला ती 'मोठी' वाटली. दारातली वस्तू दिसत नाही, लांबून आलेली दिसते. आजचा माझा सारा विषय याच एका वाक्यात आहे.

रिमेक वाईट असतो असे मात्र मी म्हणणार नाही. एका भाषेतली गोष्ट दुसऱ्या भाषेत नेणे हे आपल्या सीमाभागातल्या माणसाला नवे नाही, आपण ते रोजच करतो. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' (२०१६) करमाळ्याच्या परिसरात घडला. आपल्या शेजारच्याच सोलापूर जिल्ह्यातली ती माती. पुढच्याच वर्षी तो एस. नारायण यांनी कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' या नावाने केला आणि त्यातही रिंकू राजगुरू हीच नायिका होती. २०१८ साली तो हिंदीत 'धडक' झाला आणि गोष्ट राजस्थानात उदयपूरला गेली. मूळ गोष्टीतला जातीचा दंश तिथे बोथट झाला अशी टीका झाली. तरीही गोष्ट नव्या मातीत उभी राहिली. पात्रांची नावे बदलली, पोशाख बदलला, बोली बदलली आणि काम भागले.

कथेला अशी माती बदलता येते. कुत्र्याला येत नाही.

लॅब्रॅडॉरचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंडच्या थंड किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर पाण्यात उतरणारे. सैबेरियन हस्की बर्फावर गाडी ओढणारा. त्यांच्या अंगावर दुहेरी केसांचे आवरण असते. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि अंगातली उष्णता बाहेर सोडतो. आता वैशाखातले आपले कलबुर्गी डोळ्यांसमोर आणा. पारा चाळीसच्या वर, पत्र्याचे छप्पर, दुपारी गेलेली वीज. अशा वेळी हस्कीच्या अंगावरून ती लोकर कोण उतरवणार? हौस आपली असते, धाप मात्र त्याला लागते.

चित्रपट पाहून कुत्रा आणण्याची ही हौस आपल्याच मुलांना आहे असे नाही. डिस्नेचा '१०१ डाल्मेशियन्स' हा व्यंगचित्रपट १९६१ साली आला आणि १९९६ साली त्याचा खऱ्या कुत्र्यांना घेऊन रिमेक झाला. पिल्ले भराभर मोठी होतात, म्हणून त्या एका चित्रपटासाठी दोनशेहून अधिक पिल्ले वापरावी लागली. पडद्यावर मात्र पिल्लू शेवटपर्यंत पिल्लूच राहिले. अमेरिकेत घरोघरी ठिपक्यांची पिल्ले आली. वर्ष-दीड वर्षात ती मोठी, दांडगी झाली, दिवसभर पळायला मागू लागली. शिवाय या जातीत जन्मतः बहिरेपणाचे प्रमाण बरेच असते, हे अनेकांना नंतर कळले. मग तीच पिल्ले निवाऱ्यांच्या दारात सोडून देण्यात आली.

आपल्याकडे २००३ साली 'हच' या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलाच्या मागे मागे चालणारा पग आला. त्याआधी ज्यांनी हे नावही ऐकले नव्हते, त्यांनी पग आणले. त्या बसक्या नाकाचे आपल्याला कौतुक, पण त्याच नाकामुळे त्याला श्वास घेताना त्रास होतो, आणि उन्हाळ्यात तर अधिकच. जाहिरात अर्ध्या मिनिटाची आणि त्रास जन्मभराचा.

'७७७ चार्ली'च्या बाबतीत तर गंमतच झाली. त्या चित्रपटाला कन्नडमधील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पैशासाठी कोंडून, जवळच्या नात्यात पैदास करून पिल्ले विकणारे लोक कुत्र्यांचे काय हाल करतात, हेच त्यात दाखवले आहे. चार्लीचा आजार त्यातूनच येतो. मी धाकट्याला विचारले, "चित्रपट काय सांगतो?" तो म्हणाला, "कुत्र्यावर प्रेम करा." मी म्हटले, "आणि दुकानातून पिल्लू घेण्याबद्दल काय सांगतो?" तो गप्प बसला. तीनदा पाहून जे दिसले नाही, ते एका प्रश्नाने दिसले. विद्यार्थी मित्रांनो, धडा वाचण्याचीही हीच पद्धत आहे.

मग आपल्या मातीतला कुत्रा कोणता? पहिले नाव येते ते मुधोळचे. बागलकोट जिल्ह्यातले मुधोळ हे घोरपड्यांचे संस्थान. कानडी मुलखातले मराठी राजघराणे, म्हणजे आपल्यासारखेच सीमेवरचे. तिथला लांब पायांचा, खोल छातीचा, बारीक कमरेचा शिकारी कुत्रा प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात त्याला कारवान म्हणतात. मालोजीराव घोरपडे यांनी त्याची जोडी इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना भेट दिली, असे सांगतात. २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. आपल्याला अभिमान वाटावा अशी आणखी एक गोष्ट आहे. या जातीचे संशोधन केंद्र मुधोळ तालुक्यात तिम्मापूर येथे आहे आणि ते आपल्या बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. २०१६ साली तिथली पिल्ले प्रशिक्षणासाठी मेरठला सैन्यदलाच्या केंद्रात गेली.

तरीही दोन खोल्यांच्या घरात मुधोळ आणू नये, असेच मी सांगेन. तो वाऱ्यासारखा धावणारा प्राणी आहे. त्याला शेत हवे, मोकळे रान हवे. गच्चीवर साखळीला बांधून ठेवलेला मुधोळ म्हणजे पंख छाटलेला ससाणा.

राहिला आपला साधा गावठी कुत्रा. त्याला कुणी किंमत देत नाही, कारण त्याची किंमत द्यावी लागत नाही. ज्वारीच्या भाकरीचा कुस्करा आणि ताक यांवर त्याच्या पिढ्या वाढल्या. आपले ऊन, आपला पाऊस त्याच्या हाडात मुरलेला आहे. आपल्या जुन्या लोकांनी त्याला देवाच्या पायाशी जागा दिली आहे. गाणगापूरला आपण सगळे जातो, दत्तमहाराजांच्या पायाशी चार कुत्री आपण लहानपणापासून पाहतो. भालकी तालुक्यातल्या मैलारला मल्लण्णा म्हणून कन्नड माणूस हात जोडतो आणि खंडोबा म्हणून मराठी माणूस. त्या देवाबरोबरही कुत्रा आहेच. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज तर आपल्याला पाठ आहेत. आणि त्याच कुत्र्याला आपण घरी येताना दगड मारतो.

आता हे सर्व लिहिण्याचे खरे कारण सांगते. आपल्या शाळेच्या फाटकाजवळ एक तांबडी कुत्री आहे. तिला चार पिल्ले झाली आहेत. मुले डब्यातली अर्धी पोळी तिला देतात. काही पालकांनी माझ्याकडे तक्रार केली, काहींनी 'बिचारीला राहू द्या' म्हणून विनंती केली. दोघांचेही म्हणणे मला पटते, आणि म्हणूनच प्रश्न कठीण आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणांहून भटकी कुत्री हलवून, नसबंदी व लसीकरण करून निवाऱ्यात ठेवण्याचा आणि पुन्हा त्याच जागी न सोडण्याचा आदेश दिला. त्यामागची काळजीही खरी आहे. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ नेहमी कुत्र्यामुळेच होतो, चावल्या जाणाऱ्यांत मुले पुष्कळ असतात, आणि लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर उपाय राहत नाही.

म्हणून मुलांनो, आधी हे पाठ करा. कुत्रा चावला किंवा त्याचे नुसते दात लागले, ओरखडा उठला, तरी घरी लपवू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि लसीचे सर्व डोस पूर्ण करा. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळ बसलेल्या कुत्रीला हात लावू नका. प्रेमानेसुद्धा नको.

तांबडी फाटकापाशी राहू शकत नाही. तिला आणि पिल्लांना निवाऱ्यात जाऊ द्यायचे की घर द्यायचे, एवढाच प्रश्न उरतो. माझे मत असे की, ज्या मुलांनी डब्यातली पोळी दिली, त्यांच्याच घरांतून याचे उत्तर यावे. भटके कुत्रे आणि पाळीव कुत्रे यांत जातीचा फरक नसतो. नाव, पट्टा, लस आणि जबाबदार माणूस मिळाला की तेच कुत्रे पाळीव होते.

पण भावनेच्या भरात कुणी हात वर करू नये. चित्रपट अडीच तासांत संपतो, कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो. आज सातवीत असलेल्या मुलीचे लग्न ठरेल तेव्हाही तो घरात असेल. चित्रपटात दृश्य बिघडले तर पुन्हा घेता येते. पिल्लू चार महिन्यांनी परत सोडले, तर त्याच्या आयुष्याचा दुसरा रिमेक निघत नाही. दरवर्षी रेबीजची लस, वेळेवर जंताचे औषध, नसबंदीचे ऑपरेशन, सुट्टीत गावाला जाताना त्याची सोय, आणि घाण काढणे. शेवटची गोष्ट कोण करणार हे आधी ठरवावे. आमच्या सासूबाईंचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, घराघरात तोच पहिला विचारला पाहिजे.

आमच्या घरी असे ठरले आहे : एक पिल्लू आमचे. अट एवढीच की तोपर्यंत धाकट्याने रोज पहाटे साडेपाचला उठून अंगण झाडावे आणि दारातल्या परळात पक्ष्यांना पाणी ठेवावे. हे लिहीपर्यंत सोळा दिवस झाले, त्यांपैकी दोन खाडे आहेत. तांबडीला आमचे शिपाईमामा आपल्या शेतावर नेणार आहेत. पिल्ले आठ आठवड्यांची होईपर्यंत आईपासून तोडायची नाहीत, म्हणून तोवर पाचही जण शेतावरच राहतील.

विश्वस्तांना एक विनंती आहे. बीदरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने वर्षातून एकदा, २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास, पालकांच्या पाळीव प्राण्यांसाठी लसीकरण शिबिर घ्यावे. खर्च फार नाही आणि उपयोग सगळ्या गावाला आहे.

तीन पिल्ले उरली आहेत, दोन नर आणि एक मादी. ज्यांना न्यायचे असेल त्यांनी उन्हाळी सुट्टीच्या पहिल्या शनिवारी सकाळी दहा वाजता शाळेच्या कार्यालयात यावे. एकट्या मुलाला पिल्लू मिळणार नाही. आई, वडील आणि घरात आजी असेल तर आजी, असे सगळ्यांनी यावे. आजीने होकार दिल्यावरच पिल्लू हातात दिले जाईल.