पेशंटला सलाईन, पऱ्हाटीला युरिया

"डॉक्टर, लय अशक्तपणा आला, एक सलाईन लावून द्या." घाटंजीसारख्या गावात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला हे वाक्य नवीन नाही. हिमोग्लोबिन तपासलं का, असं विचारलं की पेशंट नाराज होतो. साध्या सलाईनच्या बाटलीत मीठ, साखर आणि पाणी, एवढंच असतं. रक्त कमी असेल तर त्यानं काही होत नाही, तासभर बरं वाटतं इतकंच.

शेतात युरियाचं हेच झालंय, असं माझं स्पष्ट मत आहे. पऱ्हाटी पिवळी पडली, टाका युरिया. वाढ खुंटली, टाका युरिया. पान लाल झालं तरी युरियाच. लाल्या बऱ्याचदा मॅग्नेशियमच्या कमतरतेनं येतो, कधी तुडतुड्यांमुळे, कधी थंडीमुळे, आणि कधी खरंच नत्र कमी पडल्यामुळे. न तपासता कसं कळणार?

डॉक्टरनं शेतीत नाक का खुपसावं, असं कुणी म्हणेल. कारण त्याचं बिल शेवटी दवाखान्यात फाटतं. युरियात 46 टक्के नत्र असतं. ते जास्त झालं की झाड उंच वाढतं, पानं हिरवीगार, लुसलुशीत होतात, आणि मावा-तुडतुड्यांना तेच हवं असतं. किडी वाढल्या की फवारण्या वाढतात. 2017 चा हंगाम आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, फवारा थेट तोंडावर येत होता. त्याला पाऊस, वाण, वाढीची टॉनिकं, संरक्षक कपडे नसणं अशी बरीच कारणं होती, सगळं युरियावर मी ढकलणार नाही. पण न तपासता टाकलेलं खतही त्या साखळीतली एक कडी असतं, हे मला नाकारता येत नाही.

आता जमिनीचं. आपली काळी जमीन चिकणमातीची. पाणी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवते. पण बऱ्याच ठिकाणी ती चुनखडीयुक्त, अल्कधर्मी असते. अशा मातीत जस्त आणि लोह असूनही झाडाला मिळत नाही. रक्तवाढीची गोळी चहासोबत घेतली तर अंगी लागत नाही, तसंच. बरड जमिनीचं दुखणं वेगळं. माती उथळ, पाणी झरझर निघून जातं, एकदम टाकलेला युरिया चांगल्या पावसात खाली वाहून जातो. त्यातलं नायट्रेट विहिरीत उतरू शकतं आणि तान्ह्या बाळासाठी ते पाणी धोक्याचं. म्हणून बरडावर खत थोडं थोडं, विभागून द्यावं. शेणखत-कंपोस्ट मात्र दोन्हीकडे हवंच.

जे अन्नद्रव्य सगळ्यांत कमी, तेच वाढ अडवतं. बाकीची कितीही ओता. लिबिग या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात हे जगापुढे ठामपणे मांडलं. आम्ही मात्र अजून सलाईनच मागतोय.

मृदा आरोग्य पत्रिकेची योजना 2015 पासून आहे. त्यात सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह अशा 12 गोष्टी तपासतात. उन्हाळ्यात, खत टाकायच्या आधी, शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागी वीतभर खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करा, त्याच्या कडेची माती घ्या. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची नको. सगळी एकत्र मिसळून अर्धा किलो नमुना द्या. काळी आणि बरड एकाच वावरात असेल तर नमुने वेगळे.

रिपोर्ट मला आणून दाखवू नका, त्यातलं मला थोडंच कळतं. कृषी सहायकाला दाखवा. माझ्याकडे मात्र फवारणीनंतर लाळ, घाम, उलटी, धूसर दिसणं, छातीत दाटणं यातलं काहीही झालं तर लगेच या. कपडे काढून, साबणानं अंग धुऊन, आणि औषधाचा डबा सोबत घेऊन.