ललिता पवारांना एका थपडेत संपवू नका

ललिता पवार यांच्याविषयी काहीही छापून आले, की त्यात एक गोष्ट हमखास असते. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात भगवानदादांनी मारलेली थप्पड अंदाजापेक्षा जोरात बसली. त्यामुळे ललिताबाईंच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. पुढची दोन-तीन वर्षे उपचारांत गेली, नायिकेच्या भूमिका हातातून निसटल्या आणि पडद्याला एक खाष्ट सासू मिळाली, असा या गोष्टीचा शेवट असतो. अपघात खरा, त्याचे दुखणेही खरे. परंतु सहा दशकांची कारकीर्द या एका क्षणाच्या खुंटीला टांगून ठेवण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, ती दोन दृष्टींनी अन्यायाची आहे. एका कसलेल्या अभिनेत्रीची कमाई त्यातून चेहऱ्यातल्या व्यंगाच्या नावावर जमा होते. शिवाय, तिशी ओलांडलेल्या बाईला आईच्या किंवा सासूच्या लुगड्यात गुंडाळणारा चित्रपटव्यवसाय त्यातून अलगद सुटतो. थप्पड बसलीच नसती तर ललिता पवार नायिका म्हणून गाजत राहिल्या असत्या, असे ही गोष्ट सुचवते. उपलब्ध पुरावा मात्र तसे सांगत नाही.

आधी त्या थपडेपूर्वीची वर्षे पाहू, कारण त्यांच्यावर सहसा एखादेच वाक्य खर्च होते. १८ एप्रिल १९१६ रोजी येवल्यात जन्मलेली अंबिका सगुण ही मुलगी मूकपटांच्या काळात, बालवयातच कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. बोलपट आल्यावर ती नायिका झाली, आणि केवळ नायिका होऊन थांबली नाही. १९३८ च्या ‘दुनिया क्या है’ या चित्रपटाची तिने निर्मिती केली. त्याचा आधार टॉलस्टॉयची ‘रिझरेक्शन’ ही कादंबरी होती. बाविशीच्या आसपासची मराठी मुलगी रशियन कादंबरीवर हिंदी बोलपट काढते, ही घटना तिच्या चरित्रात थपडेपेक्षा मोठ्या अक्षरांत यायला हवी होती. पाठोपाठ भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’ (१९३९) आला, आणि वि. स. खांडेकरांच्या कथेवरचा मास्टर विनायकांचा ‘अमृत’ (१९४१) आला. म्हणजे १९४२ च्या त्या दिवशी सेटवर उभी असलेली बाई भूमिकांची निवड, निर्मिती आणि धंद्याचे व्यवहार जाणणारी, दीड दशकाचा अनुभव असलेली कलावती होती. हे आपल्याला जाणवत नाही, याचे एक कारण अगदी साधे आहे. आपल्या मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले, सुरुवातीच्या बोलपटांचीही तीच गत झाली, आणि जे उरले होते त्यातलीही बरीच रिळे २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत जळाली. नायिका ललिता पवार आज जवळजवळ पाहायलाच मिळत नाही. जे पाहता येत नाही त्याच्या जागी ऐकीव गोष्ट येऊन बसते.

आता अपघातानंतरचा काळ. उपचारांची वर्षे म्हणजे अंधाराची वर्षे, असे चित्र सर्रास रंगवले जाते. पण १९४४ साली प्रभातचा ‘रामशास्त्री’ आला, आणि त्यात आनंदीबाई होत्या ललिता पवार. मराठी प्रेक्षकाला आनंदीबाई म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. नारायणराव पेशव्यांच्या खुनाभोवतीच्या साऱ्या आख्यायिकांचे केंद्रच ती आहे. गजानन जहागीरदारांच्या रामशास्त्र्यांसमोर तोलामोलाने उभी राहील, जिची महत्त्वाकांक्षा प्रेक्षकाला एकाच वेळी पटेल आणि भिववेल, अशी अभिनेत्री त्या भूमिकेला हवी होती. असली भूमिका कुणी दयेपोटी देत नाही. अपघाताने मिळालेला चेहरा खलभूमिकेला सोयीचा ठरला एवढेच जर खरे असते, तर त्या चेहऱ्याला एखादी दुय्यम कारस्थानी दासीही पुरली असती.

थप्पड नसती तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही, कारण त्याच पडद्यावर थप्पड न खाल्लेल्या अभिनेत्रीही होत्या. लीला चिटणीस यांचे उदाहरण घ्या. ‘कंगन’ (१९३९), ‘बंधन’ (१९४०) आणि ‘झूला’ (१९४१) या बॉम्बे टॉकीजच्या तीन गाजलेल्या चित्रपटांत त्या अशोककुमार यांच्या नायिका होत्या. त्यांच्या चेहऱ्याला काहीही झाले नव्हते. तरी ‘झूला’नंतर अवघ्या सात वर्षांनी, ‘शहीद’मध्ये (१९४८) त्या दिलीपकुमार यांच्या आई झाल्या, आणि ‘आवारा’मध्ये (१९५१) राज कपूर यांच्या. त्यांचे नायक अशोककुमार मात्र १९५८ च्या ‘हावडा ब्रिज’मध्येही नायकच होते. तोवर त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती आणि समोर पंचविशीची मधुबाला होती. ललिता पवार अशोककुमारांपेक्षा साडेचार वर्षांनी लहान. त्या १९५२ च्या ‘दाग’मध्ये दिलीपकुमार यांच्या आई होत्या, आईचे वय छत्तीस आणि मुलाचे एकोणतीस. ही केवळ त्या दशकाची तऱ्हा होती असेही नाही. १९७० च्या ‘जॉनी मेरा नाम’मध्ये देव आनंद यांच्या आईची भूमिका सुलोचनादीदींनी केली. देव आनंद १९२३ चे, दीदी १९२८ च्या. पडद्यावरचा मुलगा आईपेक्षा जवळजवळ पाच वर्षांनी मोठा, आणि त्याची नायिका होती १९४८ साली जन्मलेली हेमा मालिनी. दुर्गाबाई खोट्यांपासून सुलोचनादीदींपर्यंत मराठी मुलखातून हिंदीत गेलेल्या या अभिनेत्रींची यादी काढली, तर जवळपास प्रत्येकीच्या कारकिर्दीत नायिकेचा काळ आखूड आणि आईचा काळ लांबच लांब दिसतो. एकीला थप्पड बसली आणि बाकीच्यांना बसली नाही, तरी सगळ्या पोहोचल्या एकाच ठिकाणी. तेव्हा कारण थपडेत शोधायचे की निर्माते, वितरक आणि प्रेक्षक यांनी मिळून बाईच्या वयावर घातलेल्या मर्यादेत?

यावर असे म्हटले जाईल की, लीलाबाई आणि दीदी सोशिक आया झाल्या, ललिताबाई मात्र दुष्ट सासू झाल्या, आणि हा फरक त्या बारीक झालेल्या डोळ्यानेच घडवला. आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. व्यंगाचा संबंध दुष्टपणाशी जोडण्याची खोड आपल्या कथापरंपरेला आहे, आणि पटकथाकारांनी व दिग्दर्शकांनी त्या डोळ्याचा वापर करून घेतला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मग त्याच डोळ्याने बाकीच्या भूमिका कशा केल्या? ‘दाग’मधली दारुड्या मुलापायी झुरणारी आई याच चेहऱ्याची आहे. ‘श्री ४२०’मध्ये (१९५५) मुंबईच्या फुटपाथवरची केळेवाली आहे. भावावरून हुज्जत घालता घालता ती एका उपऱ्या तरुणाला आपलेसे करते, आणि त्या शहरात माणुसकी कुठे शिल्लक असेल तर ती त्या पदपथावर, हे प्रेक्षकाला तिच्यामुळे पटते. ‘अनाडी’मधली (१९५९) मिसेस डिसा तर हिंदी पडद्यावरच्या सर्वांत प्रेमळ व्यक्तिरेखांपैकी एक म्हणावी लागेल. तोंडाने सतत करवादणारी, भाड्यासाठी टोकणारी आणि आतून त्या भाडेकरू पोरावर जीव टाकणारी ही घरमालकीण भेसळीच्या औषधाने मरते, तेव्हा तो सबंध चित्रपट विनोदातून शोकात उतरतो. या भूमिकेने त्यांना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळवून दिला. ‘प्रोफेसर’मध्ये (१९६२) सुरुवातीची करडी आत्या शिस्तीची मूर्ती आहे. पुढे म्हाताऱ्याचे सोंग घेतलेल्या शम्मी कपूरवर तिचा जीव जडतो, आणि उतारवयातल्या बाईच्या मनातली ही ओढ ललिताबाई हास्यास्पद होऊ देत नाहीत. प्रसंग हसण्याचा आहे, पण हसू तिच्यावर येत नाही. हे सारे एकाच डोळ्याने केले असेल, तर तो डोळा दुष्टपणाचा नव्हता. तो अभिनेत्रीच्या ताब्यातला होता.

माझ्या मते, त्यांच्या कौशल्याची मुळे मूकपटाच्या शाळेत आहेत. शब्द नसताना शरीराने बोलायला शिकलेल्या कलावंताचा अर्धा चेहरा जखडला, तरी मान, खांदे, हात आणि चाल शिल्लक राहतात. बोलपटाने त्यात आवाजाची भर घातली. ललिताबाईंचे वाक्य ऐकताना लक्षात येते की, त्या रागाने सुरुवात करत नाहीत. आधी स्वर खाली ठेवतात, एखादा शब्द ओढतात, थांबतात आणि मग वार करतात. व्ही. शांताराम यांच्या ‘दहेज’मधली (१९५०) त्यांची सासू अशी हळूहळू चढत जाते, म्हणून तिची भीती वाटते. सासूचा छळ हा आरडाओरड्यापेक्षा रोजच्या टोमण्यांनी होतो, हे घराघरांतल्या बायकांना ठाऊक होते. त्यांनी पडद्यावर ते ओळखले. खाष्ट बाईला लोक पुढे ‘ललिता पवार’ म्हणू लागले, ते या ओळखीतून. नुसत्या बारीक डोळ्याने हे साधत नसते.

याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे. हुंड्याची आणि छळाची सगळी जबाबदारी सासूच्या डोक्यावर टाकून या चित्रपटांनी घरातल्या पुरुषांना मोकळे सोडले, बाईच बाईची वैरी हा समज पक्का केला, आणि ललिता पवार त्या समजाचा चेहरा झाल्या, असे स्त्रीवादी समीक्षक म्हणतील. त्यात बरेच तथ्य आहे. ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ मध्ये त्यांना घटस्फोटाच्या कायद्याचा कैवार घेणारी श्रीमंत आत्या करायला लावले, आणि हिंदू विवाह कायदा झाला त्याच वर्षी तिची थट्टा झाली. गुरुदत्त यांचा तो चित्रपट देखणा आणि खेळकर असला, तरी या बाबतीत त्याची भूमिका मागासलेली होती, असे मी म्हणेन. १९८० च्या ‘सौ दिन सास के’पर्यंत तर सासूचा साचा इतका ठरून गेला होता, की अभिनेत्रीला करण्यासारखे थोडेच उरले होते. पण ज्या पडद्यावर चाळिशीच्या बाईसाठी देवघरात रडणारी आई आणि किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवणारी सासू एवढ्या दोनच जागा होत्या, तिथे दुसरी जागा पत्करणाऱ्या अभिनेत्रीला दोष द्यायचा का? निदान त्या दुसऱ्या जागेत बाईला इच्छा होती, राग होता, सत्ता होती. ‘जंगली’मधली (१९६१) घरात हसण्यावर बंदी घालणारी आई पुरुषाच्या आज्ञेत नाही, घर तिच्या आज्ञेत आहे. पटकथा शेवटी तिला नमवते, हा दोष पटकथेचा. पहिले दोन तास ती ज्या ताठ मानेने वावरते, ते श्रेय ललिता पवारांचे.

भगवानदादांवरही या गोष्टीने अन्याय केला आहे, तो जाता जाता नोंदवतो. ‘अलबेला’ काढणारा, आपल्या नाचाची सही पुढच्या पिढ्यांवर उमटवणारा हा कलावंत ललिताबाईंच्या चरित्रात फक्त एका हातापुरता येतो. चित्रीकरणात घडलेल्या अपघाताला खलनायक लागत नाही.

काळ बदलला आहे, आता वयस्क अभिनेत्रींनाही मध्यवर्ती भूमिका मिळतात, मग जुने उकरून काय मिळवायचे, असेही कुणी विचारील. बदल झाला आहे. नीना गुप्ता यांच्या ‘बधाई हो’सारखी (२०१८) उदाहरणे त्याची साक्ष देतात. पण अशा चित्रपटांची आजही बातमी होते, यातच त्यांचे विरळपण दिसते. साठीच्या नायकासमोर तिशीची नायिका आली, तर तिची मात्र बातमी होत नाही. ललिता पवारांची कारकीर्द नीट मांडली, तर हा भेद किती जुना आणि किती घट्ट आहे ते वर्षांसकट दाखवता येते. थपडेची गोष्ट सांगितली की तो भेद झाकला जातो, आणि उरतो फक्त दैवाचा फेरा.

१९६१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८७ मध्ये, सत्तरी गाठल्यावर, त्यांनी दूरदर्शनच्या ‘रामायण’मध्ये मंथरा केली. ज्या पिढीने त्यांचा एकही चित्रपट पाहिला नव्हता, तिलाही रविवारी सकाळी त्या कळल्या. मूकपट, बोलपट, रंगीत चित्रपट आणि दूरचित्रवाणी अशा चारही माध्यमांत काम केलेल्या या बाई २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंध येथे वारल्या. त्यांची जयंती आणि पुण्यतिथी दरवर्षी येते आणि दरवर्षी वृत्तपत्रांत तीच थप्पड पुन्हा छापली जाते. लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे की, या खेपेला सुरुवात येवल्याच्या अंबिका सगुणपासून करावी, मग ‘दुनिया क्या है’, ‘रामशास्त्री’, ‘दाग’ आणि ‘अनाडी’विषयी लिहावे. एवढे झाल्यावर जागा उरली, तर १९४२ च्या अपघातासाठी दोन ओळी पुरेशा आहेत.