अनवाणी पाय : सक्तीचे आणि स्वेच्छेचे

वसतिगृहातून पुढे महाविद्यालयात गेलेले आमचे विद्यार्थी सुट्टीत भेटीस येतात, तेव्हा विहाराच्या पायरीपाशी बुटांच्या नाड्या सोडताना त्यांची होणारी कुरकुर आमच्या कानी येते. सकाळपासून रात्रीपर्यंत, खोलीतसुद्धा, पायांतून काही काढायचे नाही अशी सवय त्यांना जडली आहे. दिवसातून अर्धा तास तरी अनवाणी चालावे, असे आम्ही त्यांना सुचवू इच्छितो. हे सुचवताना आमचीच जीभ अडखळते, हेही प्रथम सांगितले पाहिजे.

आमच्या आजोबांच्या पिढीला अनवाणी राहायचे की नाही, हे कोणी विचारले नव्हते. कित्येक गावांत सवर्णांच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. मेलेले ढोर ओढून नेण्याचे काम आमच्या माणसांचे, आणि त्याच्या कातड्याचे जोडे मात्र दुसऱ्यांच्या पायी! बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या पायांतील बूट पाहून आमच्या वस्तीला जे वाटते, ते इतरांना समजावून सांगणे कठीण आहे. पोटाला चिमटा काढून मुलाला पहिले बूट घेणाऱ्या आईबापांना आमची सूचना खटकली, तर ते खटकणे रास्तच आहे.

तरीही मुद्दा सोडवत नाही. एका पावलात 26 हाडे असतात, आणि त्यांना सावरणारे लहानलहान स्नायू कडक तळव्याच्या बुटात आळसावतात. डॅनियल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये असे दाखवून दिले की, अनवाणी धावण्याची सवय असलेले लोक बहुधा पावलाचा पुढचा भाग आधी टेकवतात आणि त्यामुळे जमिनीचा धक्का कमी बसतो. अनवाणी चालून तळव्याला घट्टे पडले तरी त्याची संवेदना बोथट होत नाही, असेही 2019 मधील संशोधनात आढळले. आमच्या मते मात्र विद्यार्थ्याला होणारा मोठा लाभ निराळाच आहे. अनवाणी चालणाऱ्याला मोबाइलमध्ये डोळे घालून चालता येत नाही. खडा आणि काटा त्याला तत्काळ भानावर आणतात. चंक्रमणात पावलागणिक जी सजगता साधायची असते, तिचा हा सर्वांत सोपा धडा होय.

येथे विनयपिटकातील महावग्गाची आठवण होते. सुखात वाढलेला सोण कोळिविस राजगृहाजवळच्या सीतवनात इतके चंक्रमण करी, की वाट रक्ताने माखली. भगवंतांनी त्याची पाठ थोपटली नाही. वीणेच्या तारा फार ताणू नयेत आणि फार सैलही सोडू नयेत, हे त्याला समजावले आणि एका तळाच्या वहाणा वापरण्याची अनुज्ञा दिली. सोण म्हणाला, सर्व संघाला मिळणार असेल तरच मी ती घेईन; आणि ती सर्वांनाच मिळाली. पुढे अवंतीकडची जमीन काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी तुडवलेली असते, असे महाकच्चानांनी कळवले, तेव्हा तिकडच्या भिक्खूंना अनेक तळांच्या वहाणाही चालतील असे ठरले. काळ्या जमिनीची ओळख आपणास निराळी करून द्यायला नको.

तेव्हा तारतम्य हवेच. उघड्यावर शौच होते अशा ओलसर मातीत अंकुशकृमी तळव्याच्या त्वचेतून शरीरात शिरतात. तेथे अनवाणी जाऊ नये. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. मधुमेह्यांनी आणि उन्हाळ्यातील दुपारी डांबरी रस्त्यावरून जाणाऱ्यांनी हा लेख विसरून जावा. इथिओपियाचा अबेबे बिकिला 1960 साली रोम ऑलिम्पिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकला आणि 1964 साली टोकियोत बूट घालून जिंकला. आमच्या मुलांनी तेवढी मोकळीक स्वतःच्या पायांना द्यावी, इतकेच आमचे मागणे आहे.

शाळेचे मैदान सकाळच्या वंदनेनंतर तासभर मोकळे असते. माजी विद्यार्थ्यांनी अवश्य यावे, पालकांनीही यावे. चपला-बूट ठेवायला कडुनिंबाच्या पारावर जागा आहे.