प्रश्नाचा शब्द आधी ओळखा

आपल्या वस्त्यांतील काही मुले-मुली हल्ली मोबाईलवर स्पॅनिश शिकू लागली आहेत. कोणाला बोटीवर नोकरी हवी, कोणाला भाषांतराचे काम, तर कोणाला परदेशी शिक्षणाची वाट. सुमारे वीस देशांचा कारभार या भाषेत चालतो, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत तिचे स्थान आहे. तेव्हा पालकांनी याला मोबाईलचे खूळ समजू नये. मात्र बरीच मुले लवकरच एका जागी अडतात. शब्द पाठ असतात, पण समोरून साधा प्रश्न आला की तोंड बंद!

आमचे सांगणे असे की, सगळे वाक्य एकदम समजून घेण्याच्या मागे लागू नका. आधी प्रश्नाचा शब्द पकडा. आपल्याला हे काम सोपे आहे. मराठीत कोण, काय, केव्हा, कसे, किती हे सारे 'क'चे कुटुंब. वंदनेतून आपल्या कानी पडणाऱ्या पालीतही को, किं, कदा, कथं, कति. आता स्पॅनिश पाहा : क्येन म्हणजे कोण, के म्हणजे काय, क्वांदो म्हणजे केव्हा, कोमो म्हणजे कसे, क्वांतो म्हणजे किती. हा योगायोग नाही. स्पॅनिश लॅटिनपासून निघाली, आणि लॅटिन व पाली एकाच प्राचीन भाषाकुळातील आहेत. 'कुठे'साठी मात्र 'दोंदे' हा वेगळा शब्द लक्षात ठेवावा. 'का' म्हणजे 'पोर के', आणि उत्तरातले 'कारण' म्हणजे 'पोर्के'.

आता 'दोंदे बीबेस?' हा प्रश्न घ्या. 'दोंदे' ऐकले की ठिकाण विचारले, हे कळले. 'बीबेस'च्या शेवटचा 'स' तूचा, आपल्या 'राहतोस'सारखाच. म्हणजे 'तू कुठे राहतोस?' मुलगी असली तरी क्रियापद तेच, राहतोस-राहतेस हा भेद तेथे नाही. उत्तर लांबलचक नको. 'एन मुंबई', मुंबईत, एवढे पुरे.

हो-नाहीच्या प्रश्नाला आपण शेवटी 'का' लावतो. स्पॅनिशमध्ये तसा शब्द नाही, आवाज चढतो. 'आब्लास एस्पान्योल?' म्हणजे स्पॅनिश बोलतोस का? लिहिताना प्रश्नाच्या सुरुवातीलाही उलटे प्रश्नचिन्ह देतात. स्पेनच्या भाषा अकादमीने हा नियम 1754 साली घातला.

दोन ठिकाणी सांभाळावे. 'क्वांतोस आन्योस त्येनेस?' याचा शब्दशः अर्थ 'तुझ्याकडे किती वर्षे आहेत?' असा होईल, पण विचारले आहे वय. तसेच 'कोमो एस?' म्हणजे माणूस स्वभावाने वा दिसायला कसा, आणि 'कोमो एस्ता?' म्हणजे आता त्याची तब्येत कशी. मराठीत दोन्हींना 'कसा आहे' चालते, तेथे चालत नाही.

आणखी एक. 'तू'साठी 'तू'च आहे, पण मान द्यायचा तर 'उस्तेद' म्हणतात. अनोळखी माणसाशी उस्तेदनेच बोलावे. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अरे-तुरे ऐकले, त्याला या शब्दाची किंमत समजावून सांगायला नको.

पण आमची मुले गप्प होतात ती केवळ शब्द न कळल्यामुळे काय? नाव काय, आडनाव काय, गाव कोणते, हे प्रश्न आपल्याकडे ओळखीसाठी थोडे आणि जात हुंगण्यासाठी फार विचारले गेले. घरातील मोठी माणसे अशा प्रश्नापुढे कशी चाचरतात हे मुले पाहतात. त्यामुळे प्रश्न म्हटला की घसा कोरडा पडतो. स्पॅनिशच्या पहिल्या धड्यात हेच येते : 'कोमो ते यामास?' तुझे नाव काय? 'दे दोंदे एरेस?' तू कुठला? मुलांना सांगा, ही झडती नाही, ओळख आहे. मान वर करून उत्तर द्या. स्पॅनिश बोलणारे देश भेदभावातून मुक्त आहेत असे मात्र आम्ही म्हणत नाही. 'कास्ता' हा शब्द त्यांच्याही इतिहासात आहे.

खुद्दकपाठात 'कुमारपञ्ह' म्हणून दहा छोटे प्रश्न आहेत, एकापासून दहापर्यंतच्या अंकांवर. परंपरा सांगते की ते सात वर्षांच्या सोपाकाला विचारले गेले. 'सोपाक' हा शब्दच त्या काळी हीन लेखलेल्या जातीचा. पण दहांपैकी एकही प्रश्न कुळ विचारीत नाही. उत्तरे ऐकून तथागतांनी त्या बालकाला उपसंपदा दिली. प्रश्नाने माणूस असाही वर उचलता येतो.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. त्याच बाबासाहेबांनी पुढे पाली व्याकरण आणि शब्दकोश सिद्ध केला. महाराष्ट्र शासनाने तो 1998 साली सोळाव्या खंडात छापला.

म्हणून रोज जेवणानंतर घरात पाच प्रश्न होऊ द्या. आईने विचारावे, मुलाने सांगावे. मग मुलाने विचारावे. कळले नाही तर 'नो एन्त्येन्दो', मला समजले नाही, आणि 'मास देस्पास्यो, पोर फाबोर', जरा सावकाश, कृपया, असे बेधडक म्हणावे. पुन्हा विचारण्यात कमीपणा नाही. गप्प राहण्यातच नुकसान आहे.

जय भीम!