पटावरून : वजिराच्या प्याद्याला भारतीय उत्तर

दिवाळीचा फराळ आटोपला, पाहुणे ऐसपैस बसले, की पुष्कळ घरांत बुद्धिबळाचा पट निघतो. काळी मोहरी वाट्याला आलेला भिडू मात्र जरा हिरमुसतो. पांढऱ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे सरकवले, की हाही निमूटपणे आपले तसेच सरकवतो, तासभर बचाव करतो आणि बरोबरी सुटली तरी देव पावला म्हणतो. आजचे पान अशा भिडूंसाठी आहे. काळ्या मोहऱ्यांनीही जिंकण्याकरिता खेळता येते, आणि त्याचा एक नामांकित मार्ग आपल्याच देशाचे नाव लावून जगभर हिंडतो आहे. त्याला म्हणतात ‘किंग्ज इंडियन डिफेन्स’. आपण त्याला राजाकडचा भारतीय बचाव म्हणू.

हे नाव कोठून आले? सुमारे १८५० साली कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचे एक स्कॉटिश बॅरिस्टर होते. बुद्धिबळात त्यांचा हात धरणारा तेथे कोणी नव्हता. त्यांच्यापुढे बरोबरीने बसू शकला तो एक बंगाली ब्राह्मण, महेशचंद्र बॅनर्जी. आपल्या जुन्या देशी डावात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले. त्या वळणात वाढलेला खेळाडू प्यादी हळूच एकेक घर पुढे घेई आणि उंट कोपऱ्यातून लांबच्या तिरक्या रेषेवर बसवी. कॉक्रेनबरोबर झालेले महेशचंद्रांचे पुष्कळ डाव आज छापील उपलब्ध आहेत. त्यांत ही मांडणी पुन्हापुन्हा दिसते. त्या काळच्या युरोपला ती चमत्कारिक वाटली. पुढे १९२० नंतर रेटी, निम्झोविच या मंडळींनी सांगितले की, पटाचा मध्य प्याद्यांनी अडवलाच पाहिजे असे नाही, दुरून मारा करूनही तो मोडता येतो. तेव्हा कलकत्त्याच्या त्या खेळातला अर्थ लोकांना उमगला.

आता पट मांडा आणि खेळून पाहा. पांढऱ्याची खेळी आधी, काळ्याची नंतर :

१. डी ४ – घोडा एफ ६
२. सी ४ – जी ६
३. घोडा सी ३ – उंट जी ७
४. ई ४ – डी ६
५. घोडा एफ ३ – किल्लेकोट
६. उंट ई २ – ई ५

पाच खेळ्यांपर्यंत काळा अगदी भित्रा दिसतो. सगळा मध्य पांढऱ्याला बहाल! सहाव्या खेळीला मात्र तो ई ५ वर प्यादे ठेवून आव्हान देतो. हे प्यादे फुकट आहे काय? पांढऱ्याने डी-प्याद्याने ते मारले, काळ्याने डी-प्याद्याने परत मारले, वजिरांची मारामारी झाली आणि काळ्याचा हत्ती डी ८ वर आला. आता पांढऱ्या घोड्याने ई ५ चे प्यादे खाल्ले, तर काळा घोडा ई ४ चे प्यादे खातो. पांढऱ्या घोड्याने तो घोडा मारला, की जी ७ चा उंट ई ५ च्या घोड्यावर झडप घालतो. हिशेब बरोबरीत! घाई करणाऱ्या चुलतभावाला येथेच पहिला धडा मिळेल.

शहाणा पांढरा हा मोह टाळतो आणि डाव असा पुढे जातो :

७. किल्लेकोट – घोडा सी ६
८. डी ५ – घोडा ई ७

मध्य बंद झाला. आता एक सोपी खूण ध्यानात ठेवा : प्याद्यांची साखळी जिकडे तोंड करते तिकडे हल्ला करावा. पांढऱ्याची साखळी वजिराच्या बाजूकडे पाहते. तो सी ५ करून तिकडचे दार फोडणार. काळ्याची साखळी राजाच्या बाजूकडे पाहते. म्हणून त्याने एफ ६ चा घोडा डी ७ वर घ्यावा आणि प्यादी सोडावीत : एफ ५, एफ ४, जी ५, मग जी ४. हत्ती एफ ७ वर आणि उंट एफ ८ वर नेला, की डी ६ च्या प्याद्याची राखण होते आणि हत्तीला जी ७ वर येण्याची वाटही मोकळी होते. सी ८ चा पांढऱ्या घरांतला उंट मात्र कोणत्याही मोहऱ्याशी बदलू नका. शेवटी एच ३ वर बळी जाऊन पांढऱ्या राजाचे छप्पर उडवणारा तोच!

१९४६ साली प्राग आणि मॉस्को या शहरांच्या सामन्यात डेव्हिड ब्रॉनस्टाईनने झीटा आणि पाखमान या दोघांना याच बचावाने हरवले, तेव्हा जगाचे डोळे उघडले. १९५३ साली अर्जेंटिनातील मार देल प्लाटा येथे नायडॉर्फविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी ग्लिगोरिच जिंकला. वर दिलेल्या मार्गाला आजही त्या गावाचेच नाव आहे. पुढे फिशरने हा बचाव वापरला आणि कास्पारोव्हने तर १९९० साली कार्पोव्हशी विश्वविजेतेपदासाठी खेळतानाही वापरला.

परंतु नाण्याची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. ही शर्यत आहे. पांढऱ्याला वजिराच्या बाजूचे प्यादे मिळते, काळ्याला राजा मिळतो. काळ्याचा हल्ला फसला तर हातात काहीच उरत नाही. १९९७ साली क्रामनिकने नवव्या खेळीलाच बी-प्यादे दोन घरे ढकलून कास्पारोव्हला हरवले, आणि त्यानंतर कास्पारोव्हनेही हा बचाव बाजूला ठेवला. तरी बचाव मेला नाही. २०१० साली बुर्सा येथे नाकामुराने गेलफांडविरुद्ध याच मार्गाने काळ्या बाजूने डाव जिंकला.

नवशिके बहुधा हरतात ते एकाच कारणाने. हल्ला अर्ध्यावर आलेला असतो, तेवढ्यात पलीकडे एक प्यादे पडते, आणि भिडू घाबरून मोहरी बचावाला परत बोलावतो. मग ना हल्ला राहतो ना बचाव. पडू द्यावे ते प्यादे! मात्र प्रत्येक खेळीपूर्वी मोजावे : त्याला आत शिरायला किती खेळ्या लागतील, मला किती? आपली संख्या लहान असेल तर पुढे जावे, मोठी असेल तर आधी एक खेळी राखणीला द्यावी. धाडस आणि आंधळेपणा यांत फरक एवढाच.

या सुट्टीत घरच्या दोघांनी हीच आठ खेळ्यांची मांडणी घेऊन सहा डाव खेळावेत, तीन पांढऱ्याकडून आणि तीन काळ्याकडून. पांढऱ्याकडून खेळल्यावाचून काळ्याची धास्ती कशी असते ते कळत नाही. मग पुढच्या वेळी काळी मोहरी वाट्याला आली, तर कपाळाला आठी पडणार नाही.