कंबर पिळू नका, छाती फिरवा

वजन हातात घेऊन धड फिरवण्याच्या व्यायामाबद्दल दोन मतं छातीठोकपणे सांगितली जातात. एक जिममधलं : जड प्लेट घ्या, झपाझप डावी-उजवीकडे फिरा, कमरेचा घेर उतरेल. दुसरं पाठदुखीने पोळलेल्यांचं : वजन घेऊन वळायचंच नाही, मणका सरकतो. माझ्या मते दोन्ही चूक, आणि पहिलं तर घातकही.

घेराचा मुद्दा लवकर निकालात निघतो. पोटाच्या बाजूचे तिरके स्नायू अशा व्यायामाने बळकट होतात, पण त्यांच्यावरची चरबी तिथल्या तिथे वितळत नाही. शरीर ती आपल्या क्रमाने वापरतं.

आता वळण्याबद्दल. रशियन ट्विस्ट करणाऱ्याला जरा निरखून बघा. जमिनीवर बसलेला, पाय अधांतरी, पाठीला पोक, हातात 10 किलोची प्लेट. प्लेट डाव्या कुल्ल्याशेजारी टेकते, मग उजव्या. पण टीशर्टवरची अक्षरं तशीच समोर बघत असतात! फिरले ते हात. जे काही थोडं वळण झालं, ते पोक आलेल्या कमरेतून ओढून काढलेलं. कमरेच्या पाच मणक्यांचे सांधे पुढे-मागे वाकू देतात, वळू मात्र फारसं देत नाहीत. पाचांचं मिळून वळण जेमतेम 10 ते 15 अंश. शिवाय दोन मणक्यांमधल्या चकतीच्या कडेचे धागे थराथराने उलटसुलट तिरपे असतात. एका बाजूला वळलं की निम्मे थर ताणले जातात, निम्मे सैल पडतात. वाकलेल्या कमरेला वजनासकट हिसके देणं म्हणजे त्या निम्म्या थरांवर सगळा भार टाकणं. वळायची खरी सोय आहे छातीमागच्या मणक्यांत आणि खुब्यात.

मग वळूच नये? हेही पटत नाही. भरलेला सिलिंडर बाजूला सरकवताना, डिकीतली बॅग काढताना, पोराला कडेवर घेऊन मागे बघताना ओझ्यासकट वळावंच लागतं. जिममध्ये टाळलेलं वळण घरात टळत नाही, आणि सवय नसलेली पाठ नेमकी अशा वेळी धरते. तालमीत करेल, म्हणजे जड मुद्गर, फिरवणाऱ्याला बघावं. करेल खांद्यामागून फिरून येते, तिची ओढ दर फेऱ्याला बदलते, पण पाय रोवलेले आणि कंबर स्थिर. भार पेलत कंबर सांभाळण्याचं हे शिक्षण आपल्याकडे जुनंच आहे.

जिममध्ये ते शिकायला केबल मशीनवरचा वुडचॉप मला सगळ्यांत योग्य वाटतो. मशीनला बाजू देऊन उभं राहा, पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे किंचित सैल. पुली खांद्याच्या वर. हँडल दोन्ही हातांनी धरा, कोपरं जवळजवळ सरळ. श्वास सोडत हँडल तिरपं खाली, पलीकडच्या गुडघ्याच्या दिशेने आणा. मशीनकडच्या पायाची टाच उचलून चवड्यावर वळू द्या. ती जमिनीला चिकटून राहिली की खुबा अडतो आणि भरपाई कंबर करते. बेंबी आणि छातीचं हाड एकाच दिशेला, एकाच वेळी वळलं पाहिजे. हात छातीच्या पुढे पळाले तर वजन जास्त झालं, एक प्लेट कमी करा. परत जाताना दुप्पट सावकाश; केबलने तुम्हाला खेचलं तर निम्मा व्यायाम वाया गेला. एकेका बाजूला 8 ते 10 वेळा पुरे.

ज्यांच्या पायात कळ किंवा मुंग्या उतरतात, त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावं. बाकीच्यांनी उद्या प्लेट रॅकवर ठेवून केबलपाशी जावं, आणि ट्रेनरला आपण किती फेऱ्या मारल्या हे न विचारता आपली छाती फिरतेय का, एवढंच बघायला सांगावं.